लॅपटॉपची बिजागरी



दाराची बिजागरी कुरकुरू लागली म्हणजे आपण तिच्यात तेलाचे दोन थेंब सोडतो, दार चारदा पुढेमागे करतो आणि आपल्या कामाला लागतो. ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि दाराच्या बाबतीत ती अचूकही आहे. परंतु हीच युक्ती लॅपटॉपवर करू पाहणारी एक शिक्षिका मला ठाऊक आहे. तिची कशी फजिती झाली हेही मला चांगले ठाऊक आहे, कारण ती शिक्षिका म्हणजे मीच.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि आम्हां शिक्षकांना घरी बसून पडद्यावरून शिकविण्याची पाळी आली. त्या वेळी मी हप्त्यांनी एक लॅपटॉप घेतला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तो माझ्या मुलीच्या अभ्यासासाठी तिच्याकडे गेला. चौथ्या वर्षी बेळगावच्या पावसाळ्यात त्याचे झाकण जड लागू लागले. मी बिजागरीत शिवणयंत्राचे तेल सोडले. महिनाभराने एके सायंकाळी 'कट्' असा आवाज झाला, झाकणाचा डावा कोपरा दुभंगला आणि पडद्याभोवतीची चौकट करवंटीसारखी वर आली. यंत्र आतून ठणठणीत होते. पडदा लागत होता, अक्षरे उमटत होती. पण झाकण उभे राहीना. कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रात सांगण्यात आले की संपूर्ण झाकणच बदलावे लागेल. त्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका होता. मुलीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

तेथून मी खडेबाजारातल्या एका लहानशा दुकानात गेले. तेथील कारागिराने झाकण सोडविले, आत पाहिले आणि म्हणाला, "बाई, बिजागरी शाबूत आहे. तिचा पाया गेलाय." आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. लॅपटॉपची बिजागरी मोडली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा बिजागरी मोडलेलीच नसते. मोडते ते तिला धरून ठेवणारे प्लास्टिक. आणि ते एका दिवसात मोडत नाही.

प्रथम हे पाहू की ही बिजागरी दाराच्या बिजागरीहून निराळी का आहे. दाराच्या बिजागरीत घर्षण जितके कमी तितके चांगले. दार आपल्या जागी थांबून राहावे अशी आपली अपेक्षा नसते. त्यासाठी कडी असते, खिटी असते. लॅपटॉपच्या पडद्याला मात्र कडी नाही. तो आपण ज्या कोनात ठेवू त्या कोनात, कशाचाही आधार न घेता, तासन्‌तास उभा राहिला पाहिजे. हे काम घर्षणाचे आहे. म्हणून या बिजागरीत घर्षण मुद्दाम, मोजून मापून ठेवलेले असते. घर्षण हा तिचा दोष नसून तिचा गुण आहे.

तिची रचना साधारणतः दोन प्रकारची असते. एका प्रकारात पोलादाचा बारीक दांडा असून त्यावर पोलादाचीच एक पट्टी गुंडाळलेली असते. तळहाताने काठी घट्ट धरावी तशी. दुसऱ्या प्रकारात दांड्यावर लहान लहान वॉशरांची रास ओवलेली असते. त्यांतील काही वॉशर बशीसारख्या किंचित खोलगट असून स्प्रिंगचे काम करतात. टोकाला असलेला नट आवळला की सर्व रास दाबली जाते आणि घर्षण वाढते; ढिला केला की कमी होते. मधल्या फटींत दाट वंगण भरलेले असते. त्यामुळे धातू धातूला खात नाही आणि झाकण झटके न देता सरकते. या दांड्याला दोन पट्ट्या जोडलेल्या असतात. एक खालच्या धडात स्क्रूंनी बसविलेली, दुसरी पडद्यामागच्या झाकणात. अशी एक बिजागरी डावीकडे आणि एक उजवीकडे.

आता तरफेचा पाठ आठवावा. टेकू, भार आणि बल, हे आपण सर्वांनी सहावी-सातवीत घोकलेले आहे. पडदा सरळ उभा आहे असे समजू. अशा वेळी त्याचे वजन बिजागरीच्या बरोबर वर असते, म्हणून वजनाचा प्रश्न उरत नाही. मागे ढकलताना केवळ घर्षणावर मात करावयाची असते. वरच्या कडेला बोटाने समजा ४०० ग्रॅम वजनाइतका जोर लावला. ही कड बिजागरीपासून सुमारे २२ सेंटिमीटर दूर आहे. पट्टीचे स्क्रू मात्र बिजागरीपासून सेंटिमीटरभर अंतरावर आहेत. म्हणजे बोटाचा जोर तेथे बावीसपट होऊन पोचतो. ४०० ग्रॅमांचे ८ किलो ८०० ग्रॅम झाले. दोन बाजूंना वाटले तर प्रत्येक बाजूच्या दोन-तीन स्क्रूंवर सुमारे साडेचार किलोची ओढ आली. प्रत्येक यंत्रात हे आकडे थोडे निराळे असतील, पण हिशेब याच जातीचा आहे. आपल्याला वाटते आपण झाकणाला केवळ बोट लावले. स्क्रूला मात्र भाजीची भरलेली पिशवी टांगल्यासारखे होते.

हे स्क्रू कशात बसलेले असतात? साध्या किमतीच्या यंत्रांत झाकणाच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचे लहान लहान खुंट उभारलेले असतात. त्यांच्या पोटात पितळेची, आतून आटे असलेली, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी नळी तापवून रोवलेली असते. स्क्रू त्या नळीत जातो. पितळ मजबूत, स्क्रू मजबूत, पट्टी मजबूत. परंतु पितळेच्या नळीला धरून ठेवणारी प्लास्टिकची भिंत जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. झाकण उघडताना वरची पट्टी त्या खुंटांपासून आतल्या बाजूस सुटू पाहते, मिटताना उलट त्यांच्यावर दाबली जाते. ओढ आणि दाब, ओढ आणि दाब, असे हजारो वेळा होते. लोखंडी तार पुढेमागे वाकवीत राहिले की ती अखेर तुटते, हे आपण पाहिलेले आहे. पदार्थाच्या या अवस्थेला 'थकवा' हेच नाव आहे. प्लास्टिकही असेच थकते. शिवाय त्याला आणखी एक खोड आहे: सतत भार राहिला तर ते हळूहळू, डोळ्यांना न दिसेल असे, आकार बदलते. त्यात ऊष्णतेची भर पडते. पुष्कळ लॅपटॉपांत आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो ती नेमकी बिजागरीच्या बाजूनेच.

तरीही बिजागरीचा घट्टपणा होता तेवढाच राहिला, तर हे प्लास्टिक पुष्कळ वर्षे टिकावे. खरी कथा पुढेच आहे. काळ जातो तसे वॉशरांमधले वंगण बाहेर ढकलले जाते, उरलेले सुकून चिकट होते, त्यात धूळ मिसळते. दमट हवेत दांड्यावर गंज धरू शकतो. मग धातू धातूला खाऊ लागतो आणि बिजागरी घट्ट होते. घट्टपणा दुप्पट झाला म्हणजे स्क्रूंवरची ओढही दुप्पट होते. साडेचार किलोचे नऊ किलो. आपल्या हाताला मात्र झाकण 'जरा जड' झाले एवढेच जाणवते, कारण तरफेची लांब बाजू आपल्याकडे असते. म्हातारपणी बिजागरी सैल होते असा आपला समज असतो. ते खोटे नाही. काही बिजागऱ्या झिजून सैल होतात आणि पडदा आपोआप मागे झुकतो. परंतु सैल झालेली बिजागरी केवळ गैरसोय करते. घट्ट झालेली बिजागरी आपले घर फोडते.

माझ्या तेलाचे काय झाले, ते आता सांगितले पाहिजे. दाबून बसविलेल्या वॉशरांमध्ये बाहेरून टाकलेले तेल नीट पोचत नाही. जे पोचते ते मूळचे दाट वंगण पातळ करून वाहवून नेते. उरलेले तेल आजूबाजूच्या प्लास्टिकवर पसरते. लॅपटॉपच्या कवचासाठी एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिके पुष्कळ वापरली जातात. ती ताणाखाली असताना काही तेले आणि द्रावके त्यांना लागली, तर त्यांत केसासारख्या बारीक भेगा पडतात. ही गोष्ट प्लास्टिकच्या शास्त्रात सुपरिचित आहे. माझे झाकण केवळ तेलानेच फुटले असे मी म्हणणार नाही. ते आधीच फुटण्याच्या बेतात होते. पण त्या दोन थेंबांनी त्याला मदत केली नाही, हे नक्की.

हे दुखणे पूर्वीही असेच होते काय? मिटणाऱ्या झाकणाचा पहिला लॅपटॉप म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो 'ग्रिड कंपास' १९८२ साली बाजारात आला. बिल मॉग्रिज या इंग्रज अभिकल्पकाने त्याला आकार दिला होता. पडदा कळफलकावर मिटावा ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती कोणाला तरी सुचावी लागली हेच आपण विसरतो. आदल्याच वर्षी, १९८१ साली, आलेला 'ऑस्बर्न' हा उचलून नेण्याचा संगणक ११ किलो वजनाचा होता. त्याचा पडदा पेटीतच पक्का बसविलेला होता आणि पेटीचे झाकण म्हणजेच कळफलक. 'ग्रिड कंपास'चे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. त्याची किंमत सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरची होती, आणि तो अमेरिकेच्या अवकाशयानांतूनही गेला. म्हणजे जन्मतः या बिजागरीचा पाया धातूचा होता. पुढे लॅपटॉप स्वस्त झाला, घरोघरी गेला, ही आनंदाचीच गोष्ट; माझ्यासारखीला तो त्यामुळेच घेता आला. पण स्वस्ताईबरोबर प्लास्टिक आले. २००८ साली 'अ‍ॅपल' कंपनीने कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखविला आणि त्यानंतर बारीकपणाची स्पर्धा लागली. बारीक झाकणात खुंट आखूड होतात, भिंती पातळ होतात, आणि बिजागरीच्या पट्टीला पाय रोवायला जागा उरत नाही.

बिजागरीवर मेहनत घेण्याची कोणाची तयारीच नाही, असे मात्र नव्हे. २०१४ साली 'लिनोव्हो'ने आपल्या एका यंत्राला घड्याळाच्या पट्ट्यासारखी बिजागरी बसविली. तिच्यात ८१३ सुटे भाग होते. कौतुक करावे असेच ते काम आहे. परंतु मला त्याहून अधिक कौतुक वाटते ते 'फ्रेमवर्क' नावाच्या अमेरिकन कंपनीचे. २०२१ साली तिने आपला पहिला लॅपटॉप काढला आणि पुढे ती बिजागऱ्यांच्या सुट्या जोड्याही विकू लागली. सौम्य हवी त्याला ३.३ किलोची, घट्ट हवी त्याला ४ किलोची. गिऱ्हाइकाने घरी बसून, एका स्क्रूड्रायव्हरने ती बदलावी. मघाच्या आपल्या तरफेच्या हिशेबात दर बाजूला साडेचार किलो आले होते, हे श्रोत्यांना आठवत असेलच.

जाहिरातींत पुष्कळदा लिहिलेले असते की बिजागरी वीस हजार किंवा तीस हजार वेळा उघडमिट करून तपासलेली आहे. दिवसातून दहा वेळा झाकण उघडले तर वर्षाची ३,६५० वेळा झाली. वीस हजारांना सुमारे साडेपाच वर्षे पुरतात. हा आकडा खोटा नसतो. पण ती उघडमिट यंत्राचा हात करतो. तो नेमका मध्यभागी धरतो, एकसारख्या गतीने उघडतो, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत सारे आटोपतो. वंगण सुकायला लागणारी चार वर्षे, चार पावसाळे, पंख्याची गरम हवा, आणि एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने कोपरा ओढणारी माणसे त्या कसोटीत नसतात. अमेरिकन लष्कराच्या मानकाचे नाव घेऊनही यंत्रे विकली जातात. त्या मानकात धक्के, कंप, उष्णता, दमटपणा, धूळ यांच्या कसोट्या आहेत. झाकण किती वेळा उघडले हे मोजणारी कसोटी मात्र त्यात नाही. तेव्हा लष्कराचे नाव वाचून बिजागरीविषयी निश्चिंत होऊ नये.

आजार लवकर ओळखणे शक्य आहे, आणि सर्व लाभ त्यातच आहे. लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवावा आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडे डोळा लावून पाहावे. पडद्याची चौकट आणि झाकणाची पाठ यांच्यामध्ये एका बाजूला नखाएवढी फट दिसत असेल, तर आतले खुंट सुटू लागले आहेत असे समजावे. झाकण उघडताना खालचे धड बिजागरीपाशी फुगून वर येते काय, तेही पाहावे. तेथील खुंट गेले असतील तर ते तसे येते. उघडताना 'करकर' किंवा 'कट्' असा आवाज येणे, झाकणाचा एक कोपरा दुसऱ्याच्या मागे राहणे, खाली हलविताना आतून सुटा स्क्रू वाजणे ही सर्व त्याच आजाराची लक्षणे होत. एक लक्षण निराळे आहे. झाकण एका ठरावीक कोनात आले की पडदा लुकलुकतो. पडद्याकडे जाणारी तार बिजागरीच्या शेजारूनच जाते. तिला पीळ पडत असावा किंवा ती चेपली जात असावी, असा त्याचा अर्थ आहे. कधी कधी बिजागरी निर्दोष असूनही तारच आखूड असते. 'अ‍ॅपल'च्या २०१६ च्या तेरा इंची 'मॅकबुक प्रो'मध्ये पडद्याच्या दिव्यांची अशी तक्रार निघाली आणि २०१९ साली कंपनीने ती विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली.

ही लक्षणे दिसली की झाकण उघडे ठेवून, ते पुन्हा न मिटता, जाणत्या कारागिराकडे जावे. या अवस्थेत काम किरकोळ असते. वॉशरांची बिजागरी असेल तर तो टोकाचा नट पाव फेरा ढिला करतो. त्याहून अधिक ढिला केला तर पडदा गळून पडतो, म्हणून हे काम बोटांनी अजमावीत करावे लागते. गुंडाळलेल्या पट्टीच्या बिजागरीत अशी सोय नसते. ती बदलावीच लागते, पण सुटी बिजागरी पुष्कळ यंत्रांसाठी बाजारात मिळते आणि ती महाग नसते. दोन्ही बाजू एकसारख्या घट्ट आहेत ना, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. एक घट्ट आणि एक सैल, अशी जोडी झाकणाला पिळते.

खुंट तुटल्यावर मात्र काम वाढते. चटकन चिकटणारा डिंक लावून देतो असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. तो ठिसूळ असतो आणि अशा ओढीला टिकत नाही. दोन नळ्यांतले द्रव मिसळून होणारा, चोवीस तास सुकणारा डिंक बरा. पण त्याआधी जागा तेलापासून स्वच्छ करून खरवडावी लागते. माझ्या तेलाने येथेही घोळ घातला होता. कारागिराने दोनदा जागा पुसली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिले.

बिजागरीविषयी हमीचे कलम नीट वाचावे, हे सांगावयास हवे. हमी बहुधा एक वर्षाची असते आणि हे दुखणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी उद्भवते. शिवाय फुटलेले प्लास्टिक हे पुष्कळदा 'ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान' या सदरात टाकले जाते. या बाबतीत जगात काही हालचाल होत आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचे गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी असा उद्देश आहे. सक्ती आणि उद्देश यांत अंतर असते, हे वर्ग चालविणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

नवे यंत्र घेताना दुकानात एवढे करावे. झाकण मध्यभागी धरून सावकाश उघडावे आणि बिजागरीच्या जागी पाहावे. तेथे कवच लवते काय? पाठीचे झाकण धातूचे आहे काय? आणि धातूचे असल्यास बिजागरी धातूलाच स्क्रूने बसविली आहे, की आतून डिंकाने चिकटविली आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडून मिळण्याची आशा थोडी. दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे, त्याने त्या जातीची यंत्रे उघडलेली असतात. घरी आणल्यावर झाकण मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी उघडावे, कोपऱ्याने नव्हे. कोपऱ्याने उघडताना झाकण पिळले जाते आणि स्क्रू तिरपे ओढले जातात. पडदा धरून यंत्र उचलू नये. पडदा मागे जाऊन थांबला की त्याच्यापुढे त्याला दाबू नये. आणि शिवणयंत्राचे तेल शिवणयंत्रासाठी ठेवावे.

माझ्या लॅपटॉपचे खुंट डिंकाने पुन्हा उभे राहण्यापलीकडे गेले होते. तेव्हा त्या कारागिराने उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमची बोटभर पातळ पट्टी कापून आणली. ती झाकणाच्या आतून बसविली, पाठीला तीन भोके पाडली आणि बाहेरून चपट्या डोक्याचे तीन बारीक बोल्ट आरपार घालून बिजागरी आवळली. दुसऱ्या बाजूची बिजागरी शाबूत होती, तिचा नट त्याने पाव फेरा सैल केला. झाकणाच्या पाठीवर, कंपनीच्या नावाशेजारी, आता तीन चकचकीत ठिपके दिसतात. त्याने मजुरी सांगितली ती ऐकून मीच त्याला पुन्हा विचारले, की नक्की एवढीच ना. मुलीने परीक्षा त्याच यंत्रावर अभ्यास करून दिली. त्याला आता दीड वर्ष होत आले; डावी बाजू अद्याप हललेली नाही. उजव्या कोपऱ्यात मात्र गेल्या आठवड्यापासून मला एक बारीकशी फट दिसते आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी ते यंत्र घेऊन खडेबाजारात जाणार आहे.